‘जाड थर द्या, उन्हात धरा’: जेल नेलपेंटविषयीच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

जेल नेलपेंट घरच्या घरी महिनाभर टिकवायचे असेल, तर आधी नखे कोमट पाण्यात भिजवावीत, एकच जाड थर द्यावा, जेल कडक करणारा अतिनील (यूव्ही) दिवा नसल्यास हात उन्हात धरावेत आणि कडा सुटू लागल्या की त्या फेव्हिक्विकसारख्या गोंदाने चिकटवाव्यात, असा सल्ला सध्या सर्वत्र फिरतो आहे. यातील एकाही उपायाने जेल अधिक टिकत नाही, आणि काही उपाय तर उघड अपायकारक आहेत.

नख पाणी शोषून किंचित फुगते. अशा फुगलेल्या नखावर जेल कडक झाले, तर पुढे नख वाळून आकसते, पण वरचा थर तसा आकसत नाही, आणि मग तो टोकाकडून सुटू लागतो. क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली त्वचा, मऊ करायचे असल्यास ते आदल्या दिवशी करावे; लावतेवेळी नख कोरडे असावे, त्यावर चढलेली मृत त्वचा काढलेली असावी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलाचा अंश घालवलेला असावा.

जाड थर आणि ऊन यांतली चूक एकच आहे. जेल हवेने वाळत नाही. त्यातील फोटोइनिशिएटर, म्हणजे प्रकाशाने क्रिया सुरू करणारा घटक, साधारण 365 ते 405 नॅनोमीटरचा, म्हणजे अतिनील ते जांभळा, प्रकाश शोषतो आणि त्यामुळे सुटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन थर कडक होतो. रंगद्रव्य हा प्रकाश अडवते, म्हणून जाड थर वरून कडक दिसला तरी आत कच्चा राहतो. उन्हात अतिनील किरण असतात हे खरे, परंतु त्यांची तीव्रता वेळेनुसार आणि ढगांनुसार बदलत असल्याने आतपर्यंत थर पक्का झाला की नाही, हे कळण्याचा मार्गच उरत नाही. उत्पादकाने सांगितलेल्या दिव्याखाली, सांगितलेला वेळ, पातळ दोन थर, आणि प्रत्येक थरात नखाच्या टोकाची कडही झाकणे, याला पर्याय नाही.

प्रश्न केवळ टिकण्याचा असता, तर मी इतक्या आग्रहाने लिहिले नसते. कच्च्या जेलमधील मेथाक्रिलेट गटातील रसायने, विशेषतः ‘हेमा’ (HEMA), त्वचेला लागत राहिल्यास ॲलर्जी होऊ शकते. ती सहसा आयुष्यभर राहते आणि त्याच कुळातील रसायने असलेल्या दातांच्या फिलिंगच्या वेळीही अडचणीची ठरू शकते. युरोपीय संघाने 2020 च्या नियमाने हेमायुक्त नख-उत्पादने व्यावसायिक वापरापुरती मर्यादित केली, ती याच कारणाने. त्वचेला लागलेले जेल दिव्याखाली हात नेण्यापूर्वीच पुसून काढावे.

गोंदाचा उपाय तर सर्वांत वाईट आहे. सुटलेल्या कडेखाली गेलेली ओल त्यामुळे आतच कोंडते आणि तेथे जिवाणू वाढून नखावर हिरवट डाग पडू शकतो. शिवाय नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढत असल्याने दोन-तीन आठवड्यांत मुळाशी मोकळी जागा दिसतेच. तेव्हा जेल सोलून काढू नये, कारण त्याबरोबर नखाचे पापुद्रेही निघतात. वरचा थर हलकेच घासून, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून, फॉइल गुंडाळून 10 ते 15 मिनिटे थांबावे.