‘जुन्या तांडेलाचे नऊ नियम’ आणि भाच्याच्या बोटीवरची लाल दोरी

गेल्या काही आठवड्यांपासून किनाऱ्यावरच्या अनेक व्हॉट्सॲप गटांत ‘होडी बाळगणाऱ्यांसाठी एका जुन्या तांडेलाचे नऊ नियम’ अशा मथळ्याचा मजकूर फिरतो आहे. तांडेल म्हणजे होडीवरचा प्रमुख खलाशी, पण खाली नाव नाही, गाव नाही. ‘पन्नास वर्षांचा दर्याचा अनुभव’ एवढीच सही आहे. असले मजकूर रोज येतात आणि ते न वाचता पुसून टाकण्याची मला सवय आहे. हा मात्र माझ्या भाच्याने मला पाठवला आणि सोबत लिहिले की यातले काही नियम त्याने अमलातही आणले आहेत. त्याने दिवाळीनंतर एक जुनी, १८ फुटी फायबरची बोट आणि तिच्यावरचे २५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचे, इंजिन विकत घेतले आहे. सुट्टीच्या दिवशी दाभोळ खाडीत गळ टाकावा, मुलांना फिरवून आणावे, एवढाच त्याचा हेतू आहे. त्या मुलांना लहानाचे मोठे होताना मी पाहतो आहे, म्हणून हे उत्तर लिहावे लागत आहे.

नऊही नियमांचा सूर एकच आहे: कंपनीवाले घाबरवतात, आपण डोके लढवून पैसा आणि त्रास वाचवावा. मी ते क्रमाने घेणार नाही, कारण सगळ्यांची योग्यता सारखी नाही. काहींनी इंजिन खराब होईल. चौथ्याने माणूस मरेल.

तो चौथा नियम असा: ‘इंजिनाच्या लाल दोरीची क्लिप स्विचमध्ये कायमची बसवून ठेवावी व दोरी हँडललाच गुंडाळावी. अंगाला बांधली तर जरा हालचाल होताच इंजिन बंद पडते आणि भर पाण्यात पंचाईत होते.’ ही दोरी, जिला सगळे किल कॉर्ड म्हणतात, इंजिनावर दिलीच आहे ती चालवणारा जागेवरून हलला की इंजिन बंद पडावे म्हणून. त्यामुळे ‘हालचाल होताच बंद पडते’ ही तक्रार म्हणजे ती आपले काम नीट करते याचीच कबुली आहे.

चालवणारा पाण्यात पडला आणि इंजिन चालूच राहिले तर काय होते, हे नीट समजून घ्यावे. आउटबोर्डचे हँडल हातातून सुटले की फिरत्या पंख्याच्या ओढीने इंजिन सहसा एका बाजूला वळते, आणि बोट सरळ निघून न जाता लहान वर्तुळात गोल फिरू लागते. त्या वर्तुळाच्या आत किंवा काठावर पाण्यात पडलेला माणूस असतो. २० नॉटच्या वेगाने बोट एका सेकंदात सुमारे दहा मीटर कापते, म्हणजे पडलेल्याला भान येऊन दम घेईपर्यंत ती पुन्हा त्याच्याकडे वळलेली असते. मे २०१३ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर, कॅमल नदीच्या खाडीत, नेमके हेच घडले. आठ मीटरच्या वेगवान बोटीतून एक कुटुंब फिरायला निघाले होते. बोट एका तीव्र वळणावर असताना सहाही जण बाहेर फेकले गेले, चालवणाऱ्याच्या अंगाला दोरी जोडलेली नव्हती, आणि रिकामी बोट पूर्ण वेगात गोल फिरत त्यांच्यावर परत परत आली. दोघांचा मृत्यू झाला, चौघे जखमी झाले. शेवटी दुसऱ्या बोटीतून जवळ गेलेल्या एका माणसाने जिवावर उदार होऊन तिच्यात उडी मारली आणि इंजिन बंद केले. ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी शाखेने या अपघाताचा जो अहवाल काढला तो कोणालाही वाचायला खुला आहे. दोरी जोडलेली असती तर बोट तिथेच थांबली असती, आणि सहा जण भिजण्यापलीकडे फारसे काही झाले नसते, हे तो वाचून कोणाच्याही लक्षात येईल. अमेरिकेने १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या मोटारबोटी वेगात चालवताना ही दोरी किंवा तिच्या जागी वापरायचे उपकरण जोडलेले असणे कायद्याने बंधनकारक केले आहे. तिथल्या कायदा करणाऱ्यांना हा ‘जुना तांडेल’ भेटला नव्हता, हे तिथल्या लोकांचे नशीब.

भाच्याला विचारले तर तो म्हणाला, “मामा, मागे वळून गळ बघायला गेलं की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. मग पोरं घाबरतात.” यातली अडचण खरी आहे, उपाय मात्र चुकीचा आहे. जुन्या बोटीबरोबर आलेल्या दोरीची क्लिप बहुधा झिजलेली असते, किंवा तिचे वेटोळे उन्हाने कडक होऊन आखूड झालेले असते. नवी दोरी घ्यावी. ती मनगटाला बांधू नये, कारण हात सारखा हलतो. मांडीला एक वेढा देऊन अडकवावी किंवा लाइफ जॅकेटच्या पट्ट्याला लावावी. रोज बंदरातून निघण्यापूर्वी इंजिन चालू करून दोरी एकदा ओढून पाहावी. इंजिन तत्काळ बंद पडले नाही तर स्विच नादुरुस्त आहे आणि त्या दिवशी बोट बाहेर काढू नये. आणखी एक गोष्ट पुष्कळांना सुचत नाही: एक जादा क्लिप बोटीत, सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी ठेवावी. चालवणारा दोरीसह पाण्यात गेला तर मागे राहिलेल्यांना इंजिन सुरू करून त्याच्याकडे जाता आले पाहिजे, आणि ते कसे करायचे हे निदान एका मोठ्या माणसाला आधी शिकवलेले पाहिजे.

याला लागूनच सहावा नियम येतो: ‘फायबर पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून फायबरची बोट कधीच बुडत नाही. पोहता येणाऱ्याने लाइफ जॅकेट घालू नये, बाकाखाली ठेवावे. तपासणीला दाखवता येते.’ एका नियमात इतके खोटे बसवणे हेही कौशल्यच म्हणावे लागेल. काचेचे धागे आणि रेझिन यांचा तो थर पाण्यापेक्षा सुमारे दीडपट जड असतो. त्याचा तुकडा बादलीत टाकून पाहावा. बोट तरंगते ती तिच्या आकारामुळे, आणि पाणी भरल्यावरही तरंगत राहिली तर ती बाकांखाली आणि दुहेरी तळात भरलेल्या फोममुळे. जुन्या बोटीत स्क्रूच्या भोकांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपून हा फोम भिजलेला असू शकतो. तळावर हाताने ठोकले असता आवाज बद्द येत असेल, किंवा बोट किनाऱ्यावर ओढताना तिच्या मापाला न शोभणारी जड लागत असेल, तर तिच्या तरंगण्यावर भरवसा ठेवू नये. या नियमात अर्धे सत्य आहे ते एवढेच की बोट उलटली आणि तरंगत राहिली तर तिला धरून राहावे, किनारा जवळ दिसतो म्हणून पोहत सुटू नये. पण ते त्या मजकुरात लिहिलेलेच नाही.

पोहता येण्याविषयी सांगायचे तर उधाणाच्या ओहोटीला खाडीच्या मुखाशी पाणी ज्या वेगाने बाहेर ओढते, ते कापून परत येणे साध्या पोहणाऱ्याच्या आवाक्यातले नसते. डोक्याला बोटीचा काठ लागून पडलेल्याला तर पोहताच येत नाही. अमेरिकी तटरक्षक दलाच्या २०२३ च्या वार्षिक अहवालानुसार, हौशी बोटींच्या अपघातांत मृत्यूचे कारण कळले अशांपैकी तीन चतुर्थांश लोक बुडून मेले, आणि बुडालेल्यांपैकी ज्यांच्या जॅकेटची नोंद मिळाली त्यांतल्या ८७ टक्क्यांच्या अंगावर ते नव्हते. पाण्यात पडल्यावर बाकाखालून जॅकेट काढून अंगात घालणे, त्याचे बक्कल लावणे हे शांत दिवशी खाडीत एकदा करून पाहावे, म्हणजे हा नियम पुन्हा कोणी सांगणार नाही. मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा असावा, नाहीतर मूल खाली राहते आणि जॅकेट डोक्यावरून वर निघून जाते.

पाचवा नियम वाचून मी क्षणभर समजलो की कोणी थट्टा केली आहे: ‘पेट्रोल बोटीतच भरावे, सांडले तरी तळातल्या पाण्यावर तरंगते, म्हणून धोका नाही.’ पाण्यावर पसरलेल्या पेट्रोलची वाफ अधिक वेगाने होते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने वाऱ्याने उडून न जाता बोटीच्या तळाशी साचते, आणि हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोहोचले तरी बॅटरीच्या सैल तारेची ठिणगी पुरते. सुटी टाकी उचलून धक्क्यावर ठेवावी, तिथे भरावी, झाकण घट्ट करावे आणि मगच बोटीत आणावी. नेलेली सिगारेट खिशातच राहू द्यावी.

सातव्या नियमाप्रमाणे ‘नांगर मागच्या बाजूला, इंजिनाजवळच्या कडीला बांधावा, म्हणजे गळ टाकणाऱ्याला उठून पुढे जावे लागत नाही’. हाही आळसाचाच नियम, आणि भाच्याने हाही उचलला होता. बोटीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, उंच आणि निमुळती असते, ती लाट फोडते. मागची बाजू सपाट, ठेंगणी आणि इंजिनाच्या वजनाने आधीच दबलेली असते. मागून नांगरलेल्या बोटीवर दाभोळ-धोपावे फेरीबोटीची किंवा एखाद्या ट्रॉलरची लाट आली की पाणी थेट आत येते, आत आलेल्या पाण्याने मागची बाजू आणखी खाली जाते, आणि दुसऱ्या लाटेला फारसे काही करावे लागत नाही. जोराच्या ओहोटीत लाटेचीही गरज नसते, ताणलेली दोरीच मागची बाजू खाली ओढते. नांगर नाळेलाच बांधावा, नांगराला आधी थोडी साखळी आणि मग दोरी असावी, आणि दोरी खोलीच्या पाच ते सात पट सोडावी. ही खोली मोजताना भरतीने चढणारे पाणी त्यात धरावे लागते: ओहोटीला चार मीटर असलेली जागा उधाणाच्या भरतीला सहा-साडेसहा मीटर होते, आणि सकाळी पुरेशी वाटलेली दोरी दुपारी नांगर उचलून देते. नाळेचा नांगर धरल्यानंतर शांत पाण्यात बोट फिरू नये म्हणून मागे दुसरा हलका नांगर टाकतात, हे मला माहीत आहे. त्याचा आधार घेऊन कोणी वाद घालू नये.

उरलेल्या नियमांवर फार वेळ घालवण्याची इच्छा नाही. पहिला नियम काजूच्या टरफलांचे तेल तळाला लावण्याचा आहे. लाकडी होडीसाठी तो बरोबर आहे, आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ते लावले जाते आणि लाकूड त्याने टिकते, एवढे मान्य करावे लागते. फायबरच्या गुळगुळीत जेलकोटमध्ये, म्हणजे वरच्या चकचकीत थरात, मात्र ते मुरतच नाही. वर चिकट थर बसतो, त्यावर धूळ बसते आणि शेवाळ थांबत नाही. दुसरा नियम म्हणतो की इंजिन गोड्या पाण्याने धुणे हे खूळ आहे. खारे पाणी इंजिनाच्या थंड करणाऱ्या वाटांमध्ये सुकले की मीठ उरते, ते साठत जाऊन वाटा बुजवते आणि एके दिवशी इंजिन तापून अडकते. नळाला लावायचे रबरी कप नसतील तर गोड्या पाण्याच्या पिंपात इंजिनाचा खालचा भाग बुडवून, न्यूट्रलमध्ये, दहा मिनिटे चालवावे. कोरडे मात्र क्षणभरही चालवू नये, कारण पंपाची रबरी चकती पाण्याशिवाय लगेच जळते. चालत्या इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार पडत असते तिच्याकडे अधूनमधून पाहण्याची सवय लावावी. आपल्या खाड्यांत प्लास्टिकच्या पिशव्यांची कमतरता नाही. इंजिनात पाणी ओढणाऱ्या जाळीवर एक बसली की धार थांबते.

तिसरा नियम मोटारसायकलचे टू-टी ऑइल घालण्याचा. अडीअडचणीला त्यावर बोट घरी येईल, हे खरे. पण आउटबोर्ड पाण्याने थंड होते, हवेने थंड होणाऱ्या मोटारसायकल इंजिनाइतके तापत नाही, आणि त्या तेलातल्या राख सोडणाऱ्या घटकांचा थर पिस्टनच्या रिंगांवर आणि प्लगवर चढतो. डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ लिहिलेले तेल घ्यावे आणि प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेत पाहावे. पुष्कळ टू-स्ट्रोक इंजिनांना ५० लिटर पेट्रोलमागे एक लिटर लागते. आठव्या नियमात इंजिनाच्या झिंकला, म्हणजे त्यावर बसवलेल्या जस्ताच्या तुकड्याला, रंग मारून ‘गंजण्यापासून वाचवा’ असे सांगितले आहे. झिंक बसवलेलेच असते ते इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या आधी स्वतः झिजण्यासाठी. रंग मारला की ते शाबूत राहते आणि इंजिन झिजते. निम्मे झिजले की बदलावे.

त्याच नियमात पावसाळ्यात बोट शाकारताना टाकी काठोकाठ भरून ठेवण्याचा सल्ला आहे. टाकीत मोकळी जागा कमी असली की आत दव कमी धरते, म्हणून जुन्या काळी याला अर्थ होता. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा ओढून घेते. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, आणि इंजिनाची नळी तळातूनच इंधन खेचते. मे महिन्यात टाकी संपवत आणावी, कार्ब्युरेटरची वाटी उघडून रिकामी करावी आणि नारळी पौर्णिमेनंतर ताजे पेट्रोल भरावे.

राहिला नववा: ‘मदतीसाठी मोबाईल पुरे.’ खाडीत आणि किनाऱ्याजवळ तो बहुतेक वेळा लागतो, हे नाकारत नाही. तो पाणी न शिरणाऱ्या पिशवीत असावा. खाडीबाहेर जायचे असेल तर हातात धरायचा व्हीएचएफ संच, म्हणजे नौकांवरचा बिनतारी रेडिओ, घ्यावा. त्याच्या चॅनल १६ वरची हाक आसपासच्या सगळ्या नौकांना एकदम ऐकू जाते, फोन एकालाच लागतो. कुठे जातो आणि कधी परतणार हे घरी सांगून निघावे. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन्ही क्रमांक बोटीच्या आतल्या बाजूला रंगाने ठळक लिहून ठेवावेत, कारण ते ज्याला पाठ आहेत तोच पाण्यात पडलेला असू शकतो.