‘किरणांत आयुष्य घालवू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बी.एस्सी.चे निकाल लागले की कोल्हापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला मावसबहिणीने पाठवला, कारण तिच्या लेकीला मेडिकल फिजिक्सला, म्हणजे उपचारातल्या किरणांचा डोस मोजण्याच्या शास्त्राला, जायचंय. मेसेज म्हणतो: रोज किरण अंगावर घ्यावे लागतात, पुढे मूल होत नाही, काम काय, तर मशीनचं बटण दाबायचं, संशोधनाला वाव नाही आणि नोकऱ्याही नाहीत. मी कॅन्सरच्या दवाखान्यात हेच काम करते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी किरण. लिनॅकमधून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या किरणोपचाराच्या मशीनमधून, किरण निघतात ते बीम (किरणांचा झोत) चालू असतानाच. त्या वेळी आत फक्त पेशंट असतो आणि दार उघडलं तर बीम आपोआप बंद पडतो. कोबाल्टच्या मशीनमध्ये आणि ब्रॅकिथेरपीत (गाठीच्या आत किंवा जवळ सोर्स ठेवून केलेल्या उपचारात) सोर्स कायम किरणोत्सारी असतो, तिथे जपूनच वागावं लागतं, हे लपवत नाही. पण आमच्या छातीवर अंगावर पडलेले किरण नोंदवणारा टीएलडी बॅज असतो आणि दर तीन महिन्यांनी तो तपासला जातो. मर्यादा आहे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (अंगावर पडलेल्या किरणांचं माप). पुरुषाला तात्पुरतं वंध्यत्व यायलाही वृषणांना एका दमात 150 मिलिसिव्हर्टच्या आसपास डोस बसावा लागतो. गरोदर असल्याचं कळवलं की बाळासाठी उरलेल्या महिन्यांची मर्यादा 1 मिलिसिव्हर्टवर येते. माझा मुलगा याच नोकरीत असताना झाला. आता नववीत आहे.

बटणाचं वाचून मात्र मला खरंच राग आला. बटण टेक्नॉलॉजिस्ट दाबतात आणि तेही जोखमीचं काम आहे. आमचं काम त्याच्या आधीचं. पेशंट संपले की मशीनखाली पाण्याची टाकी लावायची, तिच्यात बोटाच्या पेराएवढं आयन चेंबर (किरण मोजणारी हवेची छोटी कुपी) ठरलेल्या खोलीवर बसवायचं आणि मशीन नेमका किती डोस देतंय ते मोजायचं. चेंबरमधली हवा बाहेरच्या हवेला जोडलेली असते. त्याचं कॅलिब्रेशन 1013 हेक्टोपास्कल दाबाला धरून दिलेलं. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथला दाब 950च्या आसपास, म्हणून चेंबरमध्ये हवा कमी आणि आकडाही कमी; तो दाबाप्रमाणे दुरुस्त करावा लागतो. ही दुरुस्ती विसरली तर आकडा सहाएक टक्के कमी दिसतो. मशीन कमी देतंय असं समजून कुणी आउटपुट वाढवलं, तर दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजहून पहाटेच्या एसटीने आलेल्या जिभेच्या कॅन्सरच्या पेशंटला तेवढा डोस जास्त जाणार. एकूण चूक 5 टक्क्यांच्या आत ठेवायची, असा या शास्त्रातला दंडक आहे. तोंड आतून सोलवटलेली, पाण्याचा घोट घेताना डोळे मिटणारी माणसं मी रोज बघते. त्यांच्या त्रासात आमच्या चुकीची भर नको, म्हणून भिंतीवरचा बॅरोमीटर मी दोनदा वाचते.

संशोधनाला वाव नाही? 1956 साली केपटाउनमधल्या ग्रूट शूर हॉस्पिटलातला फिजिसिस्ट सोडून गेला, म्हणून विद्यापीठातले अ‍ॅलन कॉर्मॅक आठवड्यातून दीड दिवस तिथे जायला लागले. डोसचं गणित करताना सगळं शरीर एकसारखंच धरतात, हे त्यांना खटकलं. शरीरात आत कुठे काय आहे ते बाहेरून घेतलेल्या एक्स-रेच्या मापांवरून काढायचं गणित त्यातून निघालं; त्यासाठी त्यांना 1979 साली सीटी स्कॅनच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. आज खारघरला टाटा मेमोरियलचं प्रोटॉन कणांच्या झोताने कॅन्सरवर उपचार करणारं केंद्र आहे. तिथले प्रश्नही फिजिक्सचेच आहेत.

नोकरीबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. एम.एस्सी., मग डिप्लोमा, मग वर्षभराची इंटर्नशिप, एवढं करून खासगीत सुरुवातीचा पगार बेताचाच. पण मेडिकल फिजिसिस्टशिवाय रेडिएशनचा विभाग चालवताच येत नाही, तसा अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियमच आहे. कोर्सची फी भरण्याआधी त्याला मंडळाची मान्यता आहे का, एवढं नक्की बघा. भाभा अणुसंशोधन केंद्राचा डिप्लोमा 1962 पासून चालू आहे, म्हणजे आपल्या शिवाजी विद्यापीठाच्याच वयाचा.

भाची शनिवारी संध्याकाळी आमच्या दवाखान्यात येणार आहे. टाकी लावून ठेवते. बॅरोमीटर तिलाच वाचू देणार आहे.