संकेतस्थळाचे नवे रूप आणि त्याचा खर्च: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागील लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. चालत्या संकेतस्थळाची मांडणी एका फटक्यात बदलण्यावर होणारा खर्च बहुधा वसूल होत नाही, असे मी म्हटले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, जुनी पाने मोबाइलवर धड दिसत नाहीत, दृष्टिहीनांना ती वापरता येत नाहीत, मार्क्स अँड स्पेन्सर या ब्रिटिश दुकानसाखळीचे उदाहरण गैरलागू आहे, प्राप्तिकराच्या नव्या पोर्टलबद्दल आज कोणाची तक्रार नाही, आणि ‘ज्यांनी जन्मात एक पान डिझाइन केले नाही, त्यांनी हिशेबाच्या वह्या उघडून बसू नये’.

मार्क्स अँड स्पेन्सरबाबत आपले म्हणणे अंशतः रास्त आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये सुमारे पंधरा कोटी पौंड खर्चून आलेल्या त्या संकेतस्थळात केवळ दर्शनी रूप बदलले नव्हते, तर अ‍ॅमेझॉनच्या यंत्रणेवरून स्वतःच्या यंत्रणेवर स्थलांतरही झाले होते; तेव्हा सगळा खर्च मांडणीच्या नावावर टाकता येणार नाही. मात्र त्या वर्षीच्या एप्रिल ते जून या तिमाहीत त्यांची ऑनलाइन विक्री ८.१ टक्क्यांनी घटली आणि जुन्या ग्राहकांना पुन्हा नोंदणी करावी लागली, हेही तितकेच खरे आहे. ग्राहकाला आतली यंत्रणा दिसत नाही. त्याला दिसते ते अनोळखी पान आणि न चालणारा जुना पासवर्ड.

आता आपले शेवटचे वाक्य. ते आपण कोणत्या माहितीच्या आधारे लिहिलेत, हे मला समजलेले नाही. माझी नोकरी एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात झाली, आणि नेट बँकिंगची पाने नव्याने बनवून घेण्याच्या कामात मी निविदेपासून शेवटचे देयक मंजूर होईपर्यंत होतो. चित्र मी काढले नाही, हे खरे. परंतु ते चित्र खातेदारांपर्यंत पोहोचल्यावर काय होते, ते निस्तरणाऱ्यांपैकी मी एक होतो, आणि हिशेबाच्या वह्या उघडण्याचा अधिकार त्याहून अधिक कोणाला असावा, हे आपणच सांगावे.

देयकात जे नव्हते, ते असे. शाखांमधल्या कर्मचाऱ्यांना पुन्हा प्रशिक्षण द्यावे लागले, छापलेली माहितीपत्रके रद्दीत गेली, आणि ‘पैसे पाठवायचे बटण कुठे गेले’ असे विचारणारे निवृत्त खातेदार काउंटरवर येऊ लागले. म्हणजे ज्या गर्दीसाठी नेट बँकिंग आणले, तीच परत आली. शिवाय सगळी मांडणी इंग्रजी शब्दांच्या मापाने केलेली होती. ‘लाभार्थ्यांची यादी’ हे शब्द बटणात मावत नव्हते, आणि ओळीची उंची कमी ठेवल्यामुळे वरचा रफार व अनुस्वार कापले जात होते. ते दुरुस्त करणे ‘अतिरिक्त काम’ ठरले आणि त्याचे पैसे वेगळे द्यावे लागले. हे सर्व करून किती खातेदारांचे व्यवहार अधिक सहज पूर्ण झाले, याचे उत्तर कोणापाशीच नव्हते, कारण जुन्या पानांवर किती जण अर्ध्यातून परत फिरतात, हे आधी कोणी मोजलेच नव्हते. आपल्या प्रदीर्घ प्रतिक्रियेतही अशा मोजमापाचा उल्लेख मला कुठे आढळला नाही. ‘फ्रेश लुक’ मात्र तीनदा आढळला.

मोबाइल आणि दृष्टिहीन वाचकांविषयीचे मुद्दे मला नवे नाहीत. चित्रांना पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते शब्दांत, देणे किंवा अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतला फरक वाढवणे यासाठी सगळे पाडून पुन्हा बांधण्याचे कारण नसते. इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २०२३ मध्ये नवे रूप स्वीकारले, तेही आधी इतर काही भाषांतल्या विकिपीडियांवर वापरून पाहून, आणि खाते असलेल्या सदस्यांना जुने रूप निवडण्याची सोय ठेवून. या मार्गाला माझी हरकत मूळ लेखातही नव्हती. तो पूर्ण वाचला असता, तर हे ध्यानात आले असते.

राहता राहिले प्राप्तिकराचे पोर्टल. ते ७ जून २०२१ रोजी सुरू झाले, आणि करदात्यांच्या अडचणी लक्षात घेऊन त्या वर्षी विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. आज ते सुरळीत चालते म्हणून त्या महिन्यांत करदात्यांचा आणि कर सल्लागारांचा गेलेला वेळ फुकटचा होता, असे आपले मत असल्यास, ते एखाद्या कर सल्लागारासमोर मांडून पाहावे.