एक तुकडा तर घ्या नं जी!

नागपुरात एखाद्याला शुगर निघाली की रिपोर्ट घरी यायच्या आधी बातमी मोहल्ल्यात पोहोचलेली असते. डॉक्टर औषध एका कागदावर लिहून देतात. उरलेला उपचार कॉलनीच्या गेटपासून घराच्या दारापर्यंत येता येता तोंडी मिळतो. मेथीदाणे भिजवून खा. कारल्याचा रस घ्या. जांभळाच्या बियांची पूड सुरू करा. बिबल्याच्या लाकडाचा पेला आणा, रात्री पाणी भरून ठेवा, सकाळी निरण्यापोटी प्या. त्या पेल्यातल्या पाण्याचा रंग रात्रीतून खरंच बदलतो. त्यामुळे लोकांचा त्यावर एवढा भरवसा बसतो की डॉक्टरांनी दिलेली मेटफॉर्मिनची गोळी पाकिटातच राहते. बिचारीला रंग बदलता येत नाही ना! मेथी आणि कारलं भाजी म्हणून खुशाल खावं, पण गोळी बंद करून पेला हाती धरला की पुढच्या एचबीए१सीच्या रक्ततपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांचा सगळा हिशेब बाहेर येतो. तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते तेव्हा रस्त्यात उभं राहून ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असं कितीही ओरडा, मारबत खोकला नेते, शुगर आपल्या पत्त्यावर ठेवून जाते.

गंमत अशी की सकाळी कारल्याचा रस सांगणाऱ्या काकूच संध्याकाळी बशी पुढे करतात. “संत्रा बर्फी आहे. एक तुकडा तर घ्या नं जी. एका तुकड्यानं काय होते?”

एका तुकड्यानं फार काही होत नाही हे खरंच आहे. पण नागपुरात तुकडा कधी एकटा येत नाही. त्याच्यामागे चिवडा येतो, मग चहा येतो, आणि “तुमच्यासाठी गुळाचा केला बरं का” हे वाक्य येतं. गूळ म्हणजे साखरच, फक्त रंगानं सावळी. रक्ताला दोन्ही सारखेच. ‘शुगर फ्री’ मिठाईचं तेच. साखर नसली तरी खवा, मैदा, तूप असतंच, आणि डब्यावर ‘शुगर फ्री’ लिहिलेलं वाचून माणूस एकाऐवजी चार खातो. ज्वारीची भाकरी पोळीपेक्षा बरी म्हणतात. पण “भाकरी आहे, चालते आपल्याला” म्हणून चार भाकरी चेपल्या तर मीटर काही ज्वारी म्हणून सूट देत नाही.

हा मोहल्ला थांबवता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तेव्हा त्याला कामाला लावावं.

पहिलं काम फास्टिंग-पीपीच्या, म्हणजे उपाशीपोटी आणि जेवल्यावर शुगर तपासण्याच्या दिवशीचं. धंतोली-रामदासपेठेत सकाळी सातला लॅबच्या बाकांवर जी मंडळी उपाशी चेहऱ्यानं बसलेली दिसतात, ती आमची जमात. नियम सोपे आहेत. रात्रीच्या जेवणानंतर आठ ते दहा तास काही खायचं नाही, साधं पाणी चालतं. चहा चालत नाही, बिनसाखरेचाही नाही, कारण दुधातही साखर असते. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर शुगरची सकाळची गोळी रक्त दिल्यावर, नाश्त्याच्या वेळी. “जरा अंबाझरी तलावाला दोन चकरा मारून येतो, आकडा कमी येईल” हा कारभार करायचा नाही. आकडा लॅबवाल्याला खूश करायला नसतो, डोस ठरवायला असतो.

खरा घोळ पीपीचा. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, शेवटच्या ढेकरेपासून नाही. आणि खायचं ते रोजचंच, रोजच्या गोळीसकट. इथे आमचे दोन पंथ पडतात. एक पंथ त्या दिवशी एक फुलका आणि गिलक्याची भाजी खाऊन साधू होतो. रिपोर्ट झकास येतो, डॉक्टर तोच खरा धरतात आणि दुसऱ्या दिवसापासून साधू पुन्हा पंगतीत. दुसरा पंथ रात्रभराच्या उपासाचा सूड लॅबबाहेरच्या ठेल्यावर घेतो, तर्री-पोहे, वरून शेव, मग जिलबी. दोन्ही पंथांना आवरायला सोबत एक माणूस लागतो. घरचा डबा घेऊन, हातात घड्याळ घालून येणारा. आणि मधल्या दोन तासांत राजकारणावर बोलू शकणारा, नाहीतर ते दोन तास सरत नाहीत.

एचबीए१सीला उपाशी राहावं लागत नाही. मात्र घरात सिकलसेल असेल तर ते डॉक्टरांना आणि लॅबला आधी सांगावं. विदर्भात हा आजार पुष्कळ घरांत आहे. तांबड्या पेशी लवकर मोडत असल्या की त्यांच्यावर साखर चढायला पुरेसे दिवस मिळत नाहीत आणि आकडा खोटाच कमी येतो. अंगात लोह कमी असलं की उलट, तो खोटाच वाढू शकतो. म्हणून आकड्यावरून पेढे वाटण्याआधी हिमोग्लोबिन बघावं. (पेढे तसेही वाटू नयेत.)

घरच्या मीटरची तऱ्हा आणखी वेगळी. संत्र्याचा मोसम आला की शहरात अचानक शुगर वाढलेली माणसं दिसू लागतात, आणि त्यांतली निम्मी तर संत्रं खाण्याआधीच घाबरलेली असतात. बायकोसाठी संत्रं सोललं, त्याच बोटाला सुई टोचली, पट्टी लावली आणि स्क्रीनवर २८० आले. शुगर रक्तातली नसते, बोटावरच्या रसातली असते. रक्ताचा थेंब इवलासा. त्यात बोटाचा किंचित रस मिसळला तरी आकडा कुठल्या कुठे जातो. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यानं हा रस पुरता जात नाही. साबण-पाण्यानं हात धुवायचा आणि कोरडा पुसायचा, कारण बोट ओलं राहिलं तर थेंब पातळ होऊन आकडा खाली येतो. सुई बोटाच्या मधोमध नाही, कडेला टोचावी. तिथे दुखतं कमी. बोट पिळू नये. पिळून पिळून काढलेल्या थेंबात रक्तापेक्षा पेशींमधलं पाणीच जास्त येतं. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून मिनिटभर हलवावा. आणि लॅबमध्ये १४० नि मीटरवर १५२ आले म्हणून दुकानदाराशी भांडायला सीताबर्डी गाठू नये. चांगल्या मीटरलाही साधारण १५ टक्के इकडे-तिकडे होण्याची मुभा असते.

संत्रं मात्र खावं. एक, फोडी करून, सालपटांच्या धाग्यांसकट. रस काढला की ग्लासात तीन-चार संत्री जातात आणि धागे गाळणीत राहतात.

मे महिन्यात तर सगळे नियम वितळतात. पारा ४५ च्या पुढे गेला की पट्ट्यांची डबी स्कूटरच्या डिक्कीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणं म्हणजे पैसे तव्यावर भाजणं. बहुतेक पट्ट्यांना ३० अंशांपर्यंतच सोसतं, डबीवर लिहिलेलं असतं. मीटरसुद्धा ४० अंशांच्या वर गेलं की बऱ्याचदा चूक दाखवून गप्प बसतं. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं. दाराच्या कप्प्यात ठेवावं, फ्रीजरला खेटून नाही, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन पुस्तकात ‘बाहेर ठेवलं तरी चालतं’, पण पुस्तक लिहिणाऱ्याची खोली नागपुरात नसते. फ्रिज नसेल तर मातीचं मडकं मोठ्या कुंडीत ठेवावं, मधल्या जागेत ओली रेती भरावी आणि इन्सुलिन पिशवीत गुंडाळून आत ठेवावं. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पाणी झरझर उडतं म्हणून हे छान थंड राहतं. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा हीच जोडी नुसती शोभेची. दिवे गेले तर फ्रिज सारखा उघडून “थंड आहे का” हे बघत बसू नये. बंद फ्रिज काही तास गारवा धरून ठेवतो.

इथे जुनी माणसं लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात. शुगरवाल्यांनी दुसऱ्या खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी. कांद्यानं काय होतं ते कांद्यालाच ठाऊक, पुडीचं मी सांगतो.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि जेवण लांबलं की शुगर घसरते. ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं, भूक लागते आणि माणूस कारण नसताना चिडतो. अडचण अशी की मे महिन्यात नागपुरात दुपारी दोन वाजता सगळ्यांनाच घाम फुटलेला असतो आणि सगळेच चिडलेले असतात. त्यातून उन्हात कातडीकडे रक्त जास्त धावतं, त्यामुळे टोचलेलं इन्सुलिनही लवकर रक्तात उतरतं. म्हणून इथे मोहल्ल्याचा डोळा लागतो. “काऊन जी, सरळ बोलून नाई राहिले?” असं विचारणारा शेजारी अशा वेळी मीटरच्या तोडीचा. मीटर हाताशी असेल तर बघा, नसेल तर शुगर उतरलीच आहे असं धरून चाला. तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, पाण्यात घालून द्यायची. १५ मिनिटं थांबायचं. पुन्हा तपासायचं, ७० च्या वर गेली नसेल तर तेवढंच पुन्हा. सावरल्यावर जेवण.

आणि इथेच आमच्यावर मोठा अन्याय होतो. आयुष्यात एकदाच गोड खायला डॉक्टरांची परवानगी मिळते, आणि त्या वेळी बर्फी चालत नाही! तूप-खव्यामुळे साखर पोटातून रक्तात उतरायला वेळ लागतो. चॉकलेटचंही तसंच. ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोस आहे त्यांना तर साखरही उशिरा पावते, कारण साखर फोडण्याचं काम ही गोळीच अडवून धरते. त्यांनी ग्लुकोजच जवळ ठेवावं. आपल्या गोळीत काय आहे हे पाकिटाच्या मागे छापलेलं असतं. ते एकदा वाचावं आणि घरच्यांनाही वाचायला द्यावं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, गंगाजलही नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन.

पंगतीत मात्र शेजारधर्माचं सोनं होतं. रिकामी ताटली दिसली की आग्रह करणारा दुरून धावत येतो, म्हणून ताटलीत कायम काहीतरी असू द्यावं. आधी कोशिंबीर, वरण, उसळ किंवा सावजीचं मटण (तर्री बाजूला सारून), मग पोळी, भात शेवटी, दोन घास. या क्रमानं जेवलं तर त्याच जेवणात शुगर कमी उसळते. दोन शुगरवाले शेजारी बसले तर एकमेकांचे वकील व्हावं. “त्यांनी आत्ताच घेतले दोन, मी पाहिले” हे जो चेहरा न बदलता म्हणू शकतो, तो खरा मित्र. आणि वधू-वरांना आहेर देऊन लगेच खुर्ची पकडायची नाही. लॉनभोवती दोघांनी मिळून दहा-पंधरा मिनिटं फिरायचं. बघणाऱ्याला वाटतं, पार्किंग सापडत नाही. वाटू द्यावं.

तर्री-पोह्यांचंही जमतं. अर्धे पोहे, दुप्पट चणे, तर्री वरवर. ठेलेवाला “अजून तर्री टाकू काय भाऊ?” विचारतोच. तेव्हा फक्त मान हलवायची, तोंड उघडलं की हो निघतं.

पायांकडे कुणी बघत नाही, ते बघणाऱ्याला जोडीदार म्हणावं. रोज रात्री तळवे बघायचे, वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवायचा. नसांचं काम मंदावलं की चटका कळत नाही. उन्हाळ्यात भर दुपारी टेकडी गणपतीच्या फरशीवर अनवाणी चालून आलेल्याला फोड संध्याकाळी दिसतो, आणि तोही दुसऱ्याला. मोजे घालून दर्शन घेतल्यानं बाप्पा रागावत नाही. मोजे पांढरे असले की रक्ताचा किंवा पुवाचा डागही लगेच दिसतो.

राहिला डोळा. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा. थेंब टाकून बाहुली मोठी करतात, मग काही तास जवळचं धूसर दिसतं, उजेड सोसत नाही आणि गाडी चालवता येत नाही. म्हणून काळा गॉगल आणि सोबतीचा माणूस, दोन्ही घेऊन जावं. फक्त बचत म्हणून नवरा-बायकोनं एकाच दिवशी थेंब टाकून घेऊ नयेत. मग दवाखान्याच्या पायरीवर दोघं गॉगल लावून उभे राहतात, ऑटोवाल्याशी भाव होतो, आणि हातातली नोट पन्नासची आहे की पाचशेची, हेही त्यालाच विचारावं लागतं.