लंडन विमानाकडे सरकत येत नाही

मुंबई–लंडन विमानप्रवासाविषयीचा एक संदेश कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. पृथ्वी पूर्वेकडे फिरत असल्याने लंडन आपल्या विमानाकडे सरकत येते, म्हणून दुपारी २ वाजता निघालेले विमान संध्याकाळी साडेसहालाच तिथे उतरते. परतताना मात्र मुंबई पुढे पळत राहते आणि साडेचौदा तास लागतात, असे त्याचे म्हणणे आहे. शिवाय भाडे वाढवण्यासाठी कंपन्या मुद्दाम वाकड्या मार्गाने नेतात, असेही त्यात जोडले आहे.

साडेचार आणि साडेचौदा हे आकडे काल्पनिक नाहीत, पण ती दोन गावांच्या घड्याळांची वजाबाकी आहे. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यामागे साडेपाच तास असते. तो फरक काढून टाकला की जाण्याचे १० आणि येण्याचे ९ तास उरतात. (बेरीज दोन्हीकडे १९च येते, हा घरबसल्या करता येणारा पडताळा.) म्हणजे संदेशाच्या तर्कानुसार जो प्रवास लहान व्हायला हवा, नेमका तोच लांबतो.

मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते, हे खरे. मात्र धावपट्टीवरचे विमान आणि वरची हवाही त्याच वेगाने जात असते आणि चाके उचलल्याने तो वेग गळून पडत नाही. तसे होत असते, तर जुहूहून उडून तासभर अधांतरी थांबलेले हेलिकॉप्टर खाली आले तेव्हा ओमानचा किनारा दिसला असता.

खरा फरक पडतो तो वाऱ्याने. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे झोत हिवाळ्यात ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातात. पूर्वेकडे निघालेल्या विमानाला ते ढकलतात, पश्चिमेकडच्या विमानाला अडवतात. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून निघालेले ब्रिटिश एअरवेजचे विमान अशाच झोतावर स्वार होऊन ५ तासांच्या आत लंडनला पोहोचले. एअर इंडियाने तर २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले आणि अंतर सुमारे १,४०० किलोमीटरनी वाढूनही वेळ वाचवला. या झोतांना पूर्वेकडे वळवण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा वाटा आहे, एवढाच काय तो संदेशातला सत्याचा अंश. पण त्याचा लाभ मुंबईला परतणाऱ्यांना मिळतो.

उरला वाकडा मार्ग. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणला की तो सर्वांत जवळचा मार्ग असतो आणि तोच सपाट नकाशावर उत्तरेकडे फुगलेला दिसतो. मुंबई–लंडन हे अंतर असे मोजल्यास सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. वळसे पडतातही, परंतु त्यांची कारणे वेगळी असतात: एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या कंपन्यांना जादा इंधन स्वतःच्या खिशातून जाळावे लागले.