पोरगं घरी येऊन सांगतं का?

आपल्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली. माहेरवाशिणी येतील, त्यांच्यासोबत सुरत, पुणे, नाशिककडची पोरं येतील, निंबाला झोके लागतील, महिनाभर गल्लीत नुसता कालवा. याच दिवसांत ‘मुलांकडे लक्ष ठेवा’ असे मेसेज फिरतात. ठेवा की, कोण नको म्हणतं? पण दुपारी बारा ते चार अर्धं गाव पंख्याखाली आडवं असतं, उरलेलं केळीच्या मळ्यात, आणि खेड्यातलं पोर कुणाच्या नजरेला बांधलेलं राहत नाही. म्हणून मी एकच गोष्ट बघतो: काही झालं तर पोरगं पळत येऊन सांगतं की लपवतं? आपल्याकडे बहुतेकदा लपवतं. कारण सांगितलं की आधी थोबाडीत बसते आणि मग ‘काय व्हयनं रे?’ असं विचारलं जातं.

कुत्र्याचंच घ्या. पिल्लांवाल्या कुत्रीला दगड मारला, तिने पोटरीला दात लावला. पोरगं पँट खाली ओढून गप्प. दगड मारला म्हणून मार, पँट फाटली म्हणून मार, मग बोलणार कोण? रेबीज मात्र आत शांतपणे वाढत राहतो. लक्षणं कित्येक आठवड्यांनी, महिन्यांनी दिसतात आणि एकदा दिसली की इलाज नाही. ओरखडा असला तरी नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून 15 मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून 15, कारण बहुतेक जण दोन मिनिटांत आवरतात. मिरची, चुना, हळद काही भरायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना. पहिली सुई तो शून्यावा दिवस, मग 3, 7 आणि 28. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत सीरमही लागतं. ते प्रत्येक ठिकाणी मिळत नाही, आधी फोन करून विचारा. गाडी घसरते ती 28व्या दिवसावर: जखम भरलेली असते, सुट्टी संपून पाहुणे सुरतेला परतलेले असतात. कार्ड सोबत द्या, तिथल्या सरकारी दवाखान्यातही पुढची सुई मिळते. आणि गल्लीतल्या कुत्र्यांसाठी दारात पाण्याचं भांडं पोरांच्याच हाताने भरून ठेवा. ज्या कुत्र्याला रोज पाणी पाजलं, त्याला दगड मारायला हात सहसा उचलत नाही.

आता शेततळं. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना 2016ला आली, त्यानंतर आपल्याकडे तळी भराभर झाली. पाण्याची सोय झाली हे खरंच, पण पाणी मुरू नये म्हणून त्यात अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद हा सापळा आहे. उतारावर त्याच्यावर शेवाळ चढलं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. हात टेकायला कड नाही, पाय रोवायला माती नाही. विहिरीला निदान पायऱ्या नाहीतर कपारी तरी असतात. पाहुण्या पोराला यातलं काहीच ठाऊक नसतं, त्याला तो स्विमिंग पूल वाटतो.

कुंपण हवंच, पण जाळी कुठेतरी वाकवलेली असतेच. म्हणून चारही बाजूंनी दोर सोडा. नायलॉनचा, 12 मिलिमीटर जाडीचा, दर फुटावर गाठ. गाठीशिवाय ओला दोर हातातून सुटतो. 30 बाय 30 मीटर आणि 3 मीटर खोल तळ्याला उतारच चार-साडेपाच मीटरचा होतो. त्यात बांधाची रुंदी आणि गाठींत जाणारी लांबी धरा, म्हणजे एका बाजूला 10-12 मीटर लागतो. दोराचं टोक तळापर्यंत गेलं पाहिजे. पावसाळ्यात भरलेल्या तळ्यावर मापून बांधलेला दोर मे महिन्यात पाण्याच्या कितीतरी वर लोंबकळत असतो, तो कुणाच्या कामाचा? वरचं टोक कुंपणाच्या तारेला अडकवू नका. बांधाच्या बाहेर दोन-अडीच फूट गाडलेल्या लोखंडी अँगलला बांधा. कागद फाटेल म्हणून नाना-आप्पा कुरकुर करतात. नायलॉनने फाटत नाही. जुनं टायर टाकलं तर त्यातल्या तारेने फाटतो, म्हणून तरंगायला ट्यूब किंवा बूच घट्ट लावलेला 20 लिटरचा रिकामा कॅन ठेवा, पिण्याच्या पाण्याचा, औषधाचा नको. उन्हाने नायलॉन कुजतं, तेव्हा दरवर्षी दोघांनी ओढून बघायचं.

इथेही तेच लपवणं. एक बुडतो आणि सोबतचे दोघं घाबरून घरी जाऊन गोधडीत तोंड खुपसून बसतात. जी पाच मिनिटं हाती होती ती यात जातात. पोरांना आजच सांगून ठेवा: कुणी पडलं तर आत उडी मारायची नाही, पोटावर आडवं पडून दोर किंवा कॅन टाकायचा आणि जोरात ओरडायचं. तुम्ही तिकडे का गेला होता हे कुणी विचारणार नाही. हा शब्द मोठ्यांनी पाळायचा आहे.

बाहेर काढलेल्या पोराला उलटं धरून गोल फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं बंद करा. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी उलट फुप्फुसात जातं. श्वास नसेल तर नाक दाबून तोंडाने आधी श्वास द्या, मग छातीच्या मधोमध 30 दाब, 2 श्वास, पुन्हा 30. वेग मिनिटाला 100 ते 120, छाती साधारण एक तृतीयांश दबली पाहिजे. दुसऱ्याने 108 लावायचा. पोर शुद्धीवर येऊन बोलायला लागलं तरी दवाखान्यात न्या, श्वासाचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.

जुलाब-उलट्या याच दिवसांतल्या. बर्फगोळा खाल्ला हे सांगत नाही, संध्याकाळी डोळे खोल गेलेले दिसतात. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदमच टाकायचं. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकलं की मीठ जास्त होतं किंवा कमी, दोन्ही वाईट. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सपाट सहा चमचे, मीठ अर्धा चमचा, चमचा चहाचा. दोन वर्षांखालच्याला प्रत्येक जुलाबामागे पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप, तेही चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. उरलेलं 24 तासांनी फेकून द्या. झिंकची गोळी 14 दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि गोळ्या फडताळात राहून जातात. शौचात रक्त, सहा तास लघवी नाही, किंवा पोर ग्लानीत असेल तर घरचे उपाय सोडून निघा. गावच्या पाण्यात औषध टाकणाऱ्या जलसुरक्षकाला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, करायला लावा. टाकीजवळच्या पाण्याची नको, गावाच्या शेवटच्या नळाची. पाणी पिवळं झालं नाही तर क्लोरीन तिथवर पोचलेलंच नाही.

ऊन 44-45 पर्यंत जातं. अकरा ते चार खेळ सावलीत. कांदा खिशात ठेवायचा तर ठेवा, पण पाणी पोटात जाऊ द्या.

चोपडा, यावल, शिरपूरचा सातपुड्याकडचा भाग आणि नंदुरबार, इथे एक गोष्ट वेगळी. पळताना मागे पडणारं, हातपाय दुखतात म्हणणारं, डोळे पिवळट दिसणारं पोर ‘कामचुकार’ नसून सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं, असू शकतं. अंगातलं पाणी कमी झालं की त्याच्या वेदना भडकतात. मैदानातून हाकलून लावलं, ‘नाटकं करतो’ म्हटलं की ते दुखणं सांगणंच बंद करतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची साधी तपासणी होते. आणि टोपणनावं... काळ्या, तोतऱ्या, लंगड्या. यात पोरांपेक्षा पारावरचे बाप्येच पुढे. पोरं तिथूनच उचलतात.

कपाशीच्या फवारणीची उरलेली औषधं आत्ताच बघून घ्या. कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतलेलं औषध घरात असलं तर आज नीट फेका. मूळ बाटली, कुलूप, डोक्यापेक्षा उंच जागा. पोराने प्यायलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि बाटली लेबलसकट सोबत न्या, डॉक्टरला उपचार ठरवायला तेच लागतं.

राहिला तो विषय ज्यावर गाव सगळ्यात जास्त गप्प. अंगाला नको तिथे हात लावणारा माणूस बहुतेकदा ओळखीचा, नात्यातला असतो. पोराने सांगितलं तर त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. दहा जणांसमोर पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा 112 लावा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012च्या पोक्सो कायद्यात हे कळूनही न कळवणं गुन्हा आहे, त्यामुळे ‘भाऊबंदकीत मिटवून घेऊ’ म्हणणारे पंचही त्यात येतात. ‘काका असं करणार नाही’ हे वाक्य एकदा ऐकलं की ते पोर दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही.

1 मेला ग्रामसभा असते. ग्रामपंचायतीने उत्पन्नाच्या 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्चायची असते. त्यातून गावाजवळच्या तळ्यांचे दोर आणि उघड्या विहिरींच्या जाळ्या मागा. एका तळ्याला 40 ते 50 मीटर दोर आणि चार अँगल. कोण बांधणार आणि दरवर्षी कोण ओढून बघणार, ती नावं इतिवृत्तात लिहून घ्या.