बियाणं की सांबार?

सांबारात मोठा कांदा चिरून घालणाऱ्या माणसाकडे आमच्या वरच्या मजल्यावरच्या मामी ज्या नजरेने बघतात, ती चुकवण्यासाठी मी गॅलरीत चिन्न वेंगायम लावायचं ठरवलं. हा तामिळनाडूचा छोटा, गुलाबी सालीचा कांदा. एक लावला की त्याचे पाच-सात होतात. त्रिची, दिंडिगल, पेरंबलूरकडे त्याची शेतंच्या शेतं आहेत. आपलं राज्य मात्र नाशिक-लासलगावचं. ‘सांबारचा कांदा आहे का?’ असं विचारलं की भाजीवाला ढिगातली गोल्टी, म्हणजे मोठ्या कांद्यातलेच बारीक कांदे, वेचतो आणि दुप्पट भावाने आपल्यालाच विकतो.

आधी बियाणं आणलं. पाकिटावर कांद्यांचा भरगच्च झुबका, कुंडीत एकेक ब्रह्मचारी! चित्र सांबाराचं आणि आत बी चक्क भजीच्या कांद्याचं. मुळात या छोट्या कांद्याच्या बऱ्याच जुन्या वाणांना फुलं धड येत नाहीत, मग बी कुठून येणार? म्हणून कांदेच लावायचे. एकराला चार-पाचशे किलो चांगले खाण्याजोगे कांदे मातीत घालायचे, हे ऐकून आमच्या हिने कपाळावर हात मारला. कोइंबतूरच्या कृषी विद्यापीठाने फुलणारा, बी धरणारा ‘को-५’ वाण काढलाय, त्याचं एकराला किलोभर बी पुरतं. पण कांद्याचं बी वर्षभरात म्हातारं होतं आणि आमच्या दुकानदाराकडच्या पाकिटांवरची तारीख नेमकी पुसलेली असते.

राहता राहिलं माटुंगा. तिथे हा कांदा टोपल्यांनी मिळतो, पण सगळा ताजा. काढणीनंतर हा गडी महिना-दोन महिने झोपा काढतो, तेवढ्यात लावला तर कुंडीत नुसता लोळत पडतो. म्हणून मी भाजीवाल्याला म्हटलं, “जुना द्या. कोंब आलेला असेल तर फारच छान.”

शेजारच्या दोन बायका थोड्या लांब सरकल्या. ज्या बाजारात गिऱ्हाईक कढीलिंबाचं पान उलटंपालटं करून घेतं, तिथे मी कोंबांची फर्माईश करत होतो! भाजीवाल्याने टोपलीच्या तळाचा सगळा माल आनंदाने माझ्या पिशवीत ओतला. भाव ताज्याचाच लावला.

घरी टोपलीवर ‘बियाणं. हात लावू नये’ अशी चिठ्ठी लावली. आमच्याकडे चिठ्ठ्या फक्त मीच वाचतो. एका रविवारी इडल्या झाल्या, मग पाहुणे आले, मग ‘चारच घेतले हो’ झालं. त्यातही आपलंच बियाणं सोलायला मलाच बसवलं. ते इवले इवले कांदे सोलताना डोळ्यांतून जे पाणी आलं, त्यात शेतकऱ्याचं दुःख किती आणि कांद्याचा उग्रपणा किती, हे सांगणं कठीण.

उरलेसुरले लावले. अडीच महिन्यांनी पात पिवळी पडून लवली. उपटले, तर खरोखरच झुबके! एकूण उत्पन्न ओंजळभर, म्हणजे एका वेळचं सांबार किंवा पुढच्या वेळचं बियाणं.

निवाड्याला मामींना बोलावलं. त्यांनी एक कांदा नखाने टोकरला, वास घेतला. “फर्स्टक्लास! याला अजिबात हात लावू नका, सुकवून पुन्हा लावा.”

“आणि सांबार?”

“मी उद्या माटुंग्याला जातेच आहे, तुम्हालाही आणते,” मामी म्हणाल्या आणि जिन्यात थबकल्या. “अहो, पण ताजे चालतील ना? तुम्ही सडकेच मागून घेता, असं तो भाजीवाला सांगत होता.”